यॉतवाल्याची कात्री आणि दारावरची घंटी

मी एक जुनी कात्री आहे. पण मित्रांनो, मी आयुष्यात काहीच कापलेले नाही. लोहाराने ट्रकच्या पाट्यातून मला घडवले ते वाजण्यासाठी, गाडी आली हे गावाला कळावे म्हणून. माझा मालक मेंग चिलबोक हातगाडीवर यॉत, म्हणजे भाताची चिवट मिठाई, घेऊन गावोगाव हिंडे आणि मोबदल्यात फाटके रबरी बूट, बाटल्या घेई. आमच्या कोरियन भाषेत ‘आ’सारखा हलका स्वर लहान वस्तूच्या आवाजाचा, ‘ओ’सारखा जड स्वर मोठीच्या. लहान कात्री ‘चालकांग’ वाजते; मी ‘चोलकोंग’. पोरे मालकालाही चोलकोंगच म्हणत. मी फुलून जाई.

गावाच्या तोंडाशी ओक बुन्न्यो या विधवेचे दुकान होते. तिच्याकडे सरकारी तंबाखूचा परवाना होता. तंबाखूचा भाव सरकारचा, देशभर एकच. यॉतचा भाव चिलबोकच्या मर्जीचा. एकाच रस्त्यावर दोन्ही खपत. तिच्या दाराला चिमुकली घंटी होती, हलक्या स्वराची: ‘तालांग’. चिलबोक मला गाडीत टाकून ते दार पुन्हापुन्हा उघडू लागला. बाया हसत, “आपला चोलकोंग हल्ली फार तालांगतो गं.” माझ्या अंगाची आग होई.

एकदा एका म्हाताऱ्याने यॉतच्या बदल्यात घरी सुकवलेल्या तंबाखूची पेंडी दिली. परवान्याशिवाय हा व्यवहार बेकायदा होता. आम्ही दुकानाशी पोचलो आणि समोरून सरकारी तंबाखू तपासनीस येताना दिसला.

बुन्न्यो हळूच म्हणाली, “पेंडी इकडे द्या. माझ्या मालात मिसळून जाईल.”

“आणि तुमचा परवाना गेला म्हणजे? राहू द्या, बाई.”

चिलबोकने मला उचलले आणि जोरजोराने वाजवत गाडी दूर नेली. तपासनीस आमच्या मागे आला. पेंडी सापडली, गाडी जप्त झाली. त्या दिवसाइतकी मी कधीच वाजले नाही, आणि वाजले ते तिच्यासाठी!

संध्याकाळी बुन्न्यो चिलबोकला म्हणाली, “आता पायी कुठे हिंडणार? दुकानात माणूस हवाच आहे.” तो राहिला. मला घंटीशेजारी खिळ्याला टांगले.

मी गंजू लागले. तो मला विसरला, बुन्न्योच दर हिवाळ्यात माझ्या सांध्यात तेल घालते. मित्रांनो, घरातल्या मुक्या झालेल्या वस्तूंना तेल द्या, अधूनमधून वाजवा. मात्र त्यांनी मत्सर सोडावा असे म्हणू नका. दार उघडले की मी अजून जळते.