माझ्याहून उंच पाणी

मी एक जुनी सागवानी मोजपट्टी आहे. जमीन कुठे उंच, कुठे सखल, हे पाहायला मला उभी धरतात. एकात एक सरकणारे माझे तीन भाग ओढले, की मी दोन माणसांहून उंच होते. मित्रांनो, या उंचीचा मला भारी तोरा होता!

आमच्या शहरात चौबे कॉलनीतल्या नाल्या, तेलीबांध्याचे रस्ते, सगळीकडे मी चिखलात उभी राहिले. "पट्टी खोटं बोलत नाही," असं देवीदास ओव्हरसियर कौतुकानं सांगत. मग लेझरची यंत्रं आली आणि माझी रवानगी कचेरीच्या दाराआड झाली. लोक माझ्यावर ओल्या छत्र्या अडकवू लागले. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

या हिवाळ्यात खारून नदीकाठी बगीचा करायचं ठरलं. तिथली झाडं आणि पुराची जमीन तपासायला आलेल्या ज्ञानदाताईंनी मला बाहेर काढलं, फडक्यानं पुसलं. मला रडूच आलं असतं, पण लाकडाला पाणी वर्ज्य.

काठाजवळ एक सपाट तुकडा होता. मध्ये भलामोठा अर्जुनवृक्ष. इथले लोक त्याला कौहा म्हणतात. बगीच्याचा नकाशा काढणारे निरंजनभाऊ ती सावली पाहून खुलले.

"झोपाळे इथंच लावून राहिलो मी. पहिला झोका माझ्या पोट्टीचा!" पोट्टी म्हणजे त्यांची लेक.

"इथं नको, भाऊ," ताई म्हणाल्या. "हे गवत पाहा, सगळं पाणथळीतलं आहे. पूर येते इथं."

"काहून? नदी किती खाली आहे! अन् पूर आला असता, तर झाडाले कचरा नसता अडकला?"

कचरा होता हो! पण मोठे साहेब पाहणीला येणार, म्हणून कामावरच्या माणसांनी हात, बांबू पोहोचेल तिथला सगळा आधीच झाडून नेला होता. नदीची खूणच पुसली गेली होती. ताईंनी मान वर केली. उंच बेचक्यात गवताचा एक पुंजका तेवढा उरला होता.

"घरटं असेल ते," भाऊ म्हणाले.

ताईंनी माझे तिन्ही भाग ओढून मला खोडाशी उभी धरली. मी ताठ झाले, तरी पोहोचले नाही! पुंजका माझ्या डोक्यावर हातभर वर होता. त्यात वाळलेला गाळ होता, चिंध्या होत्या आणि एक चिमुकली निळी चप्पल.

"घरट्यात चप्पल कोण ठेवते, भाऊ?"

निरंजनभाऊ खोडाला टेकून त्या चपलेकडे पाहत राहिले. एवढं पाणी इथं उभं होतं, आणि आम्ही सगळे त्याच्या तळाशी उभे होतो! माझा तोरा कुठल्या कुठे गेला. त्या नदीबद्दल वाटला, एवढा आदर मला कधी कुणाचा वाटला नव्हता.

झोपाळे वरच्या टेकाडावर गेले. सपाट तुकडा गवताला आणि नदीला राहिला. साहेब आले, तेव्हा त्यांची नजर नेमकी वर गेली.

"वो कचरा क्यों छोड़ दिया? निकलवाओ."

"रहने दीजिए, सर," निरंजनभाऊ म्हणाले. "हमारी पट्टी वहाँ तक नहीं पहुँचती. नदी पहुँचती है."

मित्रांनो, माझ्यावर छत्र्या टांगू नका, मला कोरडी ठेवा. आणि नदीकाठी खेळायला जागा शोधाल, तेव्हा आधी झाडांकडे मान वर करून पाहा. मी एवढी उंच, पण आता मीही तसंच पाहते.