पेसेलचं पान

शुक्रवारी दुपारी आत्याबाई खुर्ची ओढून म्हणायच्या, "वाच गं." आत्याबाई म्हणजे यांची आत्या, रेझल. मग शब्बाथचे, म्हणजे संध्याकाळी लागणाऱ्या आमच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लावण्याआधी मी तेच एक पान वाचायची.

पुस्तक त्यांच्या गावाचं, यिडिशमधलं, म्हणजे युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतलं. नाझींच्या छावण्यांतून जिवंत सुटलेल्या गावकऱ्यांनी मिळून लिहिलेलं. त्या पानावर आत्याबाईंच्या धाकट्या बहिणीबद्दल, पेसेलबद्दल, चार ओळी होत्या. तिचा फोटो नाही, कबर नाही. जगात नाव लिहिलेलं तेवढ्याच ठिकाणी. आत्याबाईंना आता दिसत नाही आणि सकाळचं दुपारी आठवत नाही.

वल्हांडण सण जवळ आला होता. त्या सणात घरात पावाचा कण राहू नये म्हणून आम्ही पुस्तकंसुद्धा झटकतो. हे पुस्तक झटकून मी जिन्यातल्या खुर्चीवर उन्हाला ठेवलं आणि रोजची स्तोत्रं म्हणायला आत गेले. म्हणून झाल्यावर पाहते तर खुर्ची रिकामी.

वरच्या मजल्यावरचे यिह्याकाका मूळचे येमेनचे. फाटके धर्मग्रंथ आम्ही टाकून देत नाही, स्मशानात पुरतो. बिल्डिंगमधले असे ग्रंथ काकाच गोळा करतात. यिडिश त्यांना कळत नाही, पण अक्षरं तर धर्मग्रंथांच्या हिब्रूचीच.

"काका, इथलं पुस्तक पाहिलंत?"

"पाहिलं ना! बिचारं बिनपुठ्ठ्याचं, उघड्यावर पडलेलं. मुका घेतला आणि पोत्यात ठेवलं. आत्ताच गाडी गेली. काळजी नको पोरी, नीट पुरतात."

मी सांगितलं ते काय होतं. काका पायरीवरच बसले.

दुसऱ्या दिवशी मी आणि काका स्मशानात गेलो. तिथला माणूस म्हणाला, "मावशी, सगळ्या शहराची पोती आहेत खाली, वर डंपरभर माती. कुठलं म्हणून उकरू?" यांनी ग्रंथालयांना फोन केले. कुणाकडेच ते पुस्तक नव्हतं. लिहिणाऱ्यांपैकी तर कुणीच उरलेलं नाही.

शुक्रवार आला. "वाच गं."

इतकी वर्षं वाचलेल्या चार ओळी, पाठ असतील असं वाटलं. स्तोत्रांचं पुस्तक हातात धरून सुरुवात केली. "पेसेल, शिंपी खाइमची धाकटी. चालता चालता गायची. तिची वेणी..."

"वेणी कुठून आणलीस? डोळे माझे गेलेत की तुझे? पान नीट धर."

मला पुढचं येईना. शेवटी सांगितलं, पुस्तक पुरलं म्हणून.

"पुरलं?"

"हो, आत्याबाई."

"प्रार्थना म्हटली का कुणी?"

तेवढ्यात शब्बाथ लागत असल्याचा भोंगा झाला. उठून दिवे लावले, डोळे झाकून आशीर्वाद म्हटला. शब्बाथला लिहिणं वर्ज्य; आता उद्या अंधार पडेपर्यंत एक अक्षर लिहायची सोय नव्हती.

आणि आत्याबाई बोलू लागल्या. पुस्तकातल्या चार ओळी, मग पुस्तकात नसलेलं. पेसेलला बडीशेप आवडायची नाही. ती बदकांना भ्यायची. सैनिक आले त्या सकाळी तिचा एक बूट सापडत नव्हता. आजवर हे त्या कधीच बोलल्या नव्हत्या, आणि उद्या त्यांच्या लक्षात राहणार नव्हतं.

पेन समोरच्या फळीवर होतं. माझे हात मांडीवर.

"पुढे, आत्याबाई?" मी म्हणत राहिले. "पुढे?"