बिनचूक प्रोग्राम

माझी बायको सुनंदा गेली त्याच वर्षी आमच्या कंपनीत कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. मरोळच्या एका औषध कंपनीच्या स्टोअरमध्ये मी आणि श्यामकांत दोघं कारकून होतो. मॅनेजरांनी आम्हाला बोलावून सांगितलं की स्टोअरमधून एकच माणूस कॉम्प्युटरवर घेणार, दुसऱ्याला तारापूरच्या गोदामात जावं लागेल. अंधेरीच्या एका कॉलेजात प्रोग्रॅमिंगचा संध्याकाळचा वर्ग होता. तिथल्या परीक्षेत ज्याला मार्क जास्त, त्याची जागा.

मला तारापूरला जाणं जमणार नव्हतं. मुलगी माणिक दहावीत होती. दिंडोशीच्या घरात आता आम्ही दोघंच होतो.

वर्गात सगळी विशी-बाविशीची मुलं. आम्हाला काका म्हणायची. अनुपमा मॅडम शिकवायच्या. त्याही वयाने माझ्यापेक्षा लहान. कॉलेजात तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. चौकटींच्या कागदावर, एका चौकटीत एक अक्षर, असा प्रोग्राम लिहून द्यायचा. ते कागद मरोळच्या एका सेंटरवर जायचे. तिथल्या मुली लिहिलंय ते जसंच्या तसं टाइप करायच्या आणि पुढच्या वर्गाला छापील कागद परत यायचे. चूक असली की खाली मशीनने चुका छापलेल्या असायच्या.

कागद कोण नेईल, असं मॅडमनी विचारलं. श्यामकांतने हात वर केला. सेंटर माझ्या घराजवळच आहे, म्हणाला.

मला तिथेच खटकलं. ऑफिसात हा माणूस एक फाइल या टेबलावरून त्या टेबलावर न्यायचा नाही.

पहिला प्रोग्राम दोन आकड्यांच्या बेरजेचा होता. मला काही धड कळलं नव्हतं, फळ्यावरचं बघून लिहिलं होतं. कागद परत आले तेव्हा वर्गात बहुतेकांच्या चुका निघाल्या होत्या. माझ्या कागदावर एकही नव्हती. बेरीज बरोबर आली होती.

दुसऱ्या खेपेला तेच झालं. तिसऱ्यालाही. मागच्या बाकावरचा शिवदास म्हणाला, "काका, मशीन तुमच्या नात्यातलं आहे काय?" मुलं हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मला फळ्याशी बोलावून तोच प्रोग्राम परत लिहायला सांगितला. मी अर्ध्यावर अडकलो. त्यांना काय वाटलं ते मला कळलं. नक्कल करतो हा माणूस.

मी जागेवर येऊन श्यामकांतकडे बघितलं. तो पेन्सिलीला टोक करत होता.

माझी खात्री झाली की हे त्याचंच काम आहे. मला चोर ठरवायचं आणि वर्गातून काढायचं. नाहीतर मला सगळं येतंय अशा भ्रमात ठेवायचं आणि परीक्षेत तोंडघशी पाडायचं. कसंही करून तारापूर माझ्याच गळ्यात. ऑफिसात त्याने आणलेला चहासुद्धा मी घेईनासा झालो. डब्याला वेगळा बसू लागलो.

मग मी एक केलं. पुढचा प्रोग्राम स्टोअरच्या शिलकेचा होता. आलेला माल शिलकेत मिळवायचा, दिलेला माल वजा करायचा. आलेला माल मिळवायचा तिथे मी मुद्दाम वजा करायला लिहिलं. खाली कार्बन घालून नक्कल ठेवली. टाइप करणाऱ्या मुलीला आलेला माल काय आणि दिलेला काय, याच्याशी देणंघेणं नव्हतं. ते कळणारा माणूस एकच होता.

छापील कागद आला. वजाच्या जागी बेरीज होती. शिलक बिनचूक.

वर्ग सुटल्यावर मी त्याला मरोळ नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर नेलं आणि नक्कल पुढे ठेवली.

"तू माझ्या कागदाला हात लावलास."

त्याने नाकारलं नाही. "लावला. मग?"

"का?"

"अरे, तुझं एक पान धड नसायचं. आधीच तुझा चेहरा बघवत नव्हता. त्यात आणि चुकांची भेंडोळी कुठे हातात द्यायची?"

"आणि परीक्षेत काय, शेजारी बसणार होतास माझ्या?"

"परीक्षेत तू आपटणारच होतास. जागा मलाच मिळणार होती. तोवर तुला जरा बरं वाटू दे म्हटलं."

मला कप फेकून मारावासा वाटला. तो शांतपणे म्हणाला, "कागदाचं काय घेऊन बसलास, जयवंत? वहिनी गेल्यापासून तुझी बिन कार्डं कोण नीट करतंय, असं वाटतं तुला?"

बिन कार्ड म्हणजे प्रत्येक रॅकला टांगलेलं शिलकेचं कार्ड. ते लिहिणं हे माझं पंधरा वर्षांचं काम. त्यात चुका होतात हे मला माहीतच नव्हतं.

मी त्याला एवढंच सांगितलं की यापुढे माझ्या कशालाही हात लावायचा नाही. तो म्हणाला, "तुझी मर्जी."

घरी येऊन माणिकला विचारलं, मी केलेल्या आमटीत तू मागाहून काही घालतेस का. तिने हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "मीठ घालते, बाबा. खारट झाली असेल तर बटाटा टाकते."

म्हणजे घरातही तेच. सुनंदाचं असं नव्हतं. माझ्या हातचा चहा गोड झाला की ती कप माझ्याकडे सरकवायची आणि म्हणायची, हा तूच पी. ती गेल्यापासून मला कोणी चूक सांगितलीच नव्हती. माणिकला म्हटलं, यापुढे मला सांगायचं. लपवायचं नाही.

पुढच्या वर्गाला माझा कागद आला तो चुकांनी लांबलचक. शिवदासने तो वर धरून मुलांना दाखवला. मॅडमच्या चेहऱ्यावरचा संशय मात्र तेव्हा पहिल्यांदा गेला. त्या वर्गानंतर थांबू लागल्या. मी एकेक चूक काढत गेलो. एकदा प्रोग्राम चालला, पण स्टोअरमध्ये दहा बाटल्या असताना मशीनने पन्नास देऊन टाकल्या आणि शिलक वजा चाळीस छापली. मॅडमनी लाल शाईने खाली लिहिलं, 'या बाटल्या कुठल्या रॅकवर ठेवता?' मी सगळा आठवडा त्यावर घालवला. माल नसेल तर देऊ नये, हे माणसाला सांगावं लागत नाही. मशीनला सांगावं लागतं.

परीक्षा सेंटरवर झाली. चपला बाहेर काढून एसी खोलीत बसायचं आणि प्रोग्राम स्वतः टाइप करायचा. शिलकेचाच आला. माझी बोटं थंडीने आखडली होती. दोनदा चुकलो, दोनदा शोधून काढलं.

निकाल लागला. मला श्यामकांतपेक्षा सहा मार्क जास्त होते.

मला आनंद झाला नाही. माझ्या मनात एकच आलं, याने पुन्हा माझं नीट केलं. मुद्दाम चुकला. दुसऱ्याच दिवशी मी कॉलेजात गेलो आणि श्यामकांतचा पेपर दाखवा म्हणून मॅडमच्या मागे लागलो. असा पेपर दाखवत नाहीत, म्हणाल्या. मी कारण सांगितलं. तेव्हा त्यांनी दाखवला. सगळं स्वच्छ, माझ्यापेक्षा नेटकं. फक्त तपासायला दिलेल्या शेवटच्या आकड्यांना, माल कमी आणि मागणी जास्त होती तिथे, शिलक वजा छापली होती. ते त्याने अडवलंच नव्हतं.

"त्याच्या कागदावर वर्षभर काही चुकलं नाही," मॅडम म्हणाल्या. "त्यामुळे हे त्याच्या समोर कधी आलंच नाही."

मी ते श्यामकांतला जाऊन सांगितलं. तो खोक्यात सामान भरत होता. तारापूरची ऑर्डर टेबलावर होती.

"पेपर बघायला गेलास तू माझा?"

"हो."

"मी मुद्दाम हरलो असं वाटलं तुला?"

"वाटलं."

तो खोक्याला सुतळी बांधत राहिला. "तेवढा चांगला मी नाही रे," म्हणाला. "मला ती जागा पाहिजे होती."

सुतळीची गाठ सैल बसली होती. मी म्हटलं, "गाठ सुटेल ही." त्याने बघितलं, सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.