पंचविसातली एक

तपासनिसाने चित्र थांबवून एक फ्रेम मागे घेतली. ढगांचा नकाशा. दोन फ्रेम पुढे, पुन्हा ढगांचा नकाशा. मधल्या फ्रेममध्ये मात्र एक चेहरा होता.

एका सेकंदाच्या पंचविसाव्या भागापुरता तो पडद्यावर येऊन जात होता. प्रेक्षकांना तो दिसणं शक्यच नव्हतं. पण न दिसणारं शोधण्याचाच तर त्याला पगार होता. प्रेक्षकाच्या नकळत मनात शिरणारा कोणताही संदेश प्रसारणात असता कामा नये, हा नियम, आणि एकोणीस वर्षं तो या नियमाच्या दारात राखणीला बसलेला. साबणवाल्यांपासून पुढाऱ्यांपर्यंत भल्याभल्यांना त्याने असं मानगुटीला धरलं होतं.

हा चेहरा त्याचा स्वतःचा होता. गेल्या वर्षीच्या फोटोतला, दाढी करताना कापलेल्या हनुवटीसकट. त्याने मागचे पाच दिवस तपासले. पाचही दिवस, हवामानाच्या बातम्यांत, तोच.

ही वाहिनी एरवी शेजारच्या टेबलाकडे असायची, कारण वाहिनीतला संकलक त्याचा सख्खा थोरला भाऊ होता. शेजारचं टेबल आठवडाभर रजेवर होतं.

दुपारी तो दादाच्या संकलनाच्या खोलीत जाऊन उभा राहिला.

"दादा, हे काय केलंस?"

दादाने चष्मा कपाळावर चढवला. "सापडलं होय? मला वाटलं, तुमचा तो डुलक्या काढणारा बघतो."

"तो रजेवर आहे."

"नशीब आपलं!" दादा हसला, पण ते हसू फार टिकलं नाही. "आई रोज हवामान बघते. कळत काही नाही, पण वृद्धाश्रमातल्या त्या खुर्चीतून हलत नाही. मला अजून ओळखते. तू तेवढा पुसला गेलास. म्हटलं, रोज एकदा तरी तिच्या डोळ्यांखालून जावास."

"असं काही होत नसतं. एक फ्रेम दाखवून माणूस ओळखायला लागतो, हे कुणीही सिद्ध केलेलं नाही."

"मग नियम कशाला केलात?"

 तपासनीस शेवटचा भेटायला गेला, तेव्हा आई सेविकेला म्हणाली होती, 'या गृहस्थांना खुर्ची द्या.' ते शब्द त्याच्या इतके जिव्हारी लागले, की त्यानंतर त्याने तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. त्याला सात महिने झाले होते.

"तू जात नाहीस, म्हणून तुझं तोंड पाठवलं," दादा म्हणाला.

"तुझी निवृत्ती चार महिन्यांवर आलीय. हे कळलं तर काढून टाकतील तुला."

"ठाऊक आहे. तू लिही. खाल्ल्या मिठाला जाग, माझ्यासाठी खोटं नको." आणि दादा पुन्हा पडद्याकडे वळला. आजच्या नकाशातली ती एक फ्रेम त्याने धाकट्याच्या डोळ्यांदेखत कापून काढली.

अहवालाचा छापील कागद कचेरीत त्याच्यापुढे बराच वेळ कोरा पडून होता. 'दृश्यातील व्यक्ती' या रकान्यात त्याने लिहिलं, 'तपासनीस स्वतः'. 'दृश्यामागील हेतू' यापाशी पेन अडलं. शेवटी 'ओळख करून देणे' एवढंच लिहून त्याने सही ठोकली. दादाचा घात आपल्या हाताने झाला, याचं त्याला दुःख होतंच. पण त्याहून जास्त शरम वाटली ती त्या सात महिन्यांची. कागद साहेबांच्या टेबलावर ठेवून तो तडक वृद्धाश्रमात गेला.

आई बंद टीव्हीसमोर बसली होती. तिने मान वर करून त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि तिचा चेहरा हळूहळू उजळला. त्याचा जीव डोळ्यांत गोळा झाला.

"तुम्हीच ना?" ती म्हणाली.

"हो आई, मीच."

"उद्या पाऊस आहे का हो?"

 तो तिच्या शेजारी बसला.

"नाही. उद्या ऊन आहे."

"बरं झालं. कपडे वाळतील." तिने समाधानाने हात मांडीवर ठेवले. "उद्या याल ना सांगायला?"

"येईन."

सेविकेने टीव्ही लावला. ढगांचा नकाशा आला आणि गेला. आई त्याच्याकडेच बघत होती.