संचालकांचा मेहुणा आणि सिद्धकरा सर

स्पर्धा परीक्षांच्या शिकवणीवर्गात तर्कबुद्धी शिकवणाऱ्या सरांना मुलं मागून 'सिद्धकरा सर' म्हणायची. कुणी काहीही सांगितलं, की सर म्हणणार, "सिद्ध करा." दिलेल्या विधानांपलीकडे पाऊल टाकायचं नाही हा धडा ते घरीदारी सगळीकडे पाळत.

विभागप्रमुख निवृत्त झाले. अनुभव बघता खुर्ची सरांचीच होती. तेवढ्यात संचालकांच्या मेहुण्याची ये-जा वाढली. एकदा तो त्या खुर्चीत बसून गोल फिरला आणि खिडकीच्या पडद्यांचं माप घेऊन गेला.

"अहो, डोळे उघडा!" बायको म्हणाली. "जागा त्याला देतायत. संचालकांना जाऊन भेटा तरी."

"माप घेणारा माणूस पडदेवाला असू शकतो."

"तो त्यांचा मेहुणा आहे!"

"काही मेहुणे पडदेवाले असतात. निष्कर्ष निघत नाही."

बायकोने कपाळावर हात मारून घेतला.

विभागप्रमुखांच्या दारावर मेहुण्याच्या नावाची पाटी लागली, तरी सर ढिम्म. "पाटी हा दावा झाला, पुरावा नव्हे," असं त्यांनी शिपायाला समजावलं. शेवटी भर बैठकीत नाव जाहीर झालं, तेव्हा मात्र त्यांचे कान तापले. ते तडक संचालकांच्या खोलीत शिरले.

"कशाच्या आधारावर नेमलंत?"

"गुणवत्तेच्या."

"सिद्ध करा."

"अहो, गुणवत्ता नसती तर मी त्याला नेमलं असतं का?" संचालक हसले. "नेमलंय, त्याअर्थी आहे!"

हा चकवा सर दरवर्षी पहिल्याच आठवड्यात शिकवत. तोंडापर्यंत उत्तर आलं. पण समोर संचालक होते. "बरं," एवढंच म्हणून ते बाहेर पडले, आणि स्वतःचीच चीड येऊन जिन्यात उभे राहिले.

तिथेच नव्या प्रमुखांनी त्यांना गाठून आपल्या खोलीत नेलं. "सर, उद्या माझा तास आहे. 'काही मांजरी काळ्या आहेत' म्हणजे काही काळ्या नाहीत, असंच ना?"

"तसं म्हणता येत नाही."

"का बरं?"

चांगलं खरमरीत काहीतरी सुनवावं असं सरांच्या मनात होतं. पण हात आपसूक खडूकडे गेला. फळ्यावर एक वर्तुळ, त्याला छेदणारं दुसरं. समजावता समजावता राग कधी उतरला, ते त्यांना कळलंच नाही. वळून बघतात तर प्रमुख खुर्चीत मान टाकून घोरतायत.

उदाहरण अर्धवट सोडणं सरांच्या जिवावर आलं. खाली नीट उत्तर लिहून, हात झटकून, मगच ते घरी गेले.