सल्लागार कुणाची

दोहाबाहेरच्या एका जुन्या लष्करी तळाची साफसफाई सुरू झाली, तेव्हा शेजारच्या वसाहतीतल्या रहिवाशांची एक सल्लागार समिती नेमली गेली. तळावर वर्षानुवर्षं आग विझवण्याचा सराव चाले. त्यात वापरलेल्या फोममधली रसायनं जमिनीत मुरली होती. रहिवाशांच्या बाजूने अहवाल तपासायला भूजलातलं कुणीतरी जाणकार हवं, म्हणून दोहाच्या अल नस्र भागात राहणाऱ्या भैरवीला बोलावलं. ती नाशिकची, नवरा देवव्रतच्या नोकरीमुळे कतारला आलेली. समितीचा सगळा खर्च, तिच्या मानधनासकट, साफसफाई करणारी कंपनीच करत होती.

पहिल्याच बैठकीत समितीतल्या सत्यभामाबाईंनी नेमकं तेच काढलं. त्या परभणीकडच्या, नवरा गॅस प्लँटवर फोरमन. वसाहतीमागच्या बोअरच्या पाण्यावर त्यांनी शेजारणींबरोबर भेंडी आणि मेथी लावली होती.

"मॅडम, तुमाला पैसे तीच कंपनी देती ना? मग तुमी आमच्या कशा?"

"पैसे ते देतात, पण मी बांधील तुम्हाला," भैरवी म्हणाली. बोलताना तिलाच ते पोकळ वाटलं.

अहवाल येत गेले. कुंपणालगतची माती खराब, बोअरचं पाणी मात्र दर वेळी स्वच्छ. जमिनीखालचं पाणी तळाकडून वसाहतीकडेच वाहत होतं, मग बोअर तेवढा कसा सुटला? नमुना घेताना मला हजर राहायचंय, असं तिने कंपनीच्या समन्वयक शफाला कळवलं. केरळची शफा कायम हसतमुख. कधी काही नाकारायची नाही आणि कधी काही द्यायचीही नाही. या वेळी मात्र लगेच म्हणाली, "आइए ना. थोड़ा जल्दी आइए."

"तुला लवकर बोलावून काय दाखवायचंय त्यांना?" घरी देवव्रतने विचारलं. "आणि हे बघ, आपण इथे कंत्राटावर आहोत. फार ताणू नकोस."

ती पोचली तेव्हा बोअरचं पाणी साठवायच्या टाकीशी टँकर उभा होता. शहराचं गोडं पाणी धो धो टाकीत पडत होतं. टँकर गेला आणि मग प्रयोगशाळेची माणसं आली. त्यांनी टाकीखालच्या नळाला बाटली लावली.

"थेट बोअरमधून घ्या," भैरवी म्हणाली.

"हमको नल का ही बोला है," एकजण म्हणाला.

तिने शफाला गाठलं. "टँकर का आपको पता था."

शफाने आजूबाजूला पाहिलं. "मॅडम, जल्दी आने को किसने कहा था?" एवढंच बोलून ती निघून गेली. ही मदत होती की सापळा, भैरवीला कळेना.

तरी पुढच्या बैठकीत तिने पाहिलेलं सगळं सांगून टाकलं. कंपनीचे मॅनेजर युसुफ शांतपणे म्हणाले, "बोअर की अलग टेस्टिंग के लिए कमिटी के फंड में बजट नहीं है."

"मग टँकरला बजेट कुठलं?" सत्यभामाबाई मराठीतच म्हणाल्या, आणि लगेच हिंदीत.

समितीने तिथेच ठराव केला की थेट बोअरचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत जाईल.

निकाल वाईट आला. रसायनं मर्यादेच्या कितीतरी वर होती. बोअरला सील लागलं. सत्यभामाबाईंनी भेंडीची झाडं स्वतः उपटली. आठवड्याभरात निधीच्या फेररचनेचं कारण देऊन कंपनीने भैरवीला काढलं. शफाचा फोन लागेनासा झाला.

समितीने सरकारी पर्यावरण खात्याकडे तक्रार केली. बरेच महिने गेले. शेवटी ठरलं, की कंपनीने पैसे त्या खात्याकडे भरायचे आणि सल्लागार रहिवाशांनी निवडायचा. त्यांनी भैरवीलाच निवडलं. तिला भरून आलं.

नव्याने नमुना घ्यायच्या दिवशी ती बाटल्या घेऊन गेली, तर सत्यभामाबाई हातमोजे चढवून तयार.

"द्या इकडं. मी भरते."

"अहो, मी आहे ना."

"राग मानू नका. पन आता तुमाला सरकार पैसे देतंय."

भैरवीने बाटली त्यांच्या हातात दिली आणि कशी भरायची ते दाखवलं. बाईंनी झाकण घट्ट लावलं, बाटल्यांचा खोका मांडीवर घेतला आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत गाडीत मागच्या सीटवर तसाच धरून बसल्या.