देवासाठी कापलेले चाक

मित्रांनो, रीतीप्रमाणे मी एक जुने चाक आहे असे सांगून सुरुवात करायला हवी. नाही करणार. जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमच्या एका तळघरात मी दोन तुकडे होऊन भिंतीला टेकले आहे, आणि मला राग आला आहे.

आधी रस्ता.

अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात, एका सुताराने मला घडवले. त्याचे वाडवडील इथूनच, ऱ्हाईनकाठून, तिकडे गेलेले. घरात तो जर्मनच बोलायचा. ओकचे लाकूड त्याने नीट वाळवले, आरे मधल्या तुंब्यात ठोकले. लोहाराने लाल तापवलेली लोखंडी धाव चढवून वरून पाणी ओतले. लोखंड आक्रसले आणि माझे सगळे सांधे आवळले गेले. आता सुटणे नाही! सहा घोडे, होडीसारखी खोल गाडी, आत पिठाची पिंपे. आसापर्यंत चिखलात रुतायचे, गाडीवानाच्या शिव्या ऐकायच्या, बाहेर यायचे.

मग नदी.

डोंगर उतरला की गाडी सपाट तराफ्यावर चढवत. ओहायोच्या पाण्याने माझे लाकूड फुगायचे, सैल झालेली धाव पुन्हा घट्ट बसायची. शेजारून वाफेची बोट आमच्यावर लाटा उडवत निघून जायची. उडवू दे. मी अख्खे होते.

मग रूळ.

रूळ आले आणि आमचे काम गेले. शेवटचा प्रवास मी आगगाडीच्या उघड्या डब्यावरून केला. चाक असून दुसऱ्या चाकांवर बसून! तो अपमान मी विसरलेले नाही. पुढे कोठारात, गवताखाली, पिढ्यानपिढ्या. मग रविवारी काउबॉयची टोपी घालणाऱ्या एका हौशी जर्मन माणसाने मला इकडे आणले आणि आपल्या खाणावळीत छताला टांगले. अंगाला दिवे लावून. दिवे!

खाणावळ बंद पडली. जुन्या बाजारात मला विनयने उचलले. तो मूळचा पुण्याचा, इथे मोटारींचे सॉफ्टवेअर लिहितो. त्याच्या मुलीने, अन्वीने, माझ्या आऱ्यावर हात ठेवून विचारले, "पापा, ड्रेट ज़िख दास नोख?" हे अजून फिरतं का? माझ्या सुताराची भाषा. इतक्या वर्षांत हे कोणी विचारले नव्हते.

मग गणपती आले. इथल्या मराठी मंडळाचा देखावा होता रथाचा. जवळच्या डार्मश्टाटला पीएचडी करणारा सिद्धांत देखाव्याचा प्रमुख.

"चाक एकच आहे रे," विनय म्हणाला.

"मग काय झालं? मधोमध कापू. अर्धं डावीकडे, अर्धं उजवीकडे. उरलेलं जमिनीत रुतलंय असं वाटेल."

"ओक आहे अरे. आणि वर लोखंड."

"आल्झो, मग त्यासाठीच ग्राइंडर आणलाय ना! आजच उरकू. उद्या रविवार, आवाजाला बंदी; खुट्ट झालं तरी इमारतीचा हाउसमाइस्टर धावत येईल."

"नाइन!" अन्वी ओरडली. "एस इस्ट डोख गांझ!" नको! अख्खं आहे ना ते!

"अगं, बाप्पासाठीच आहे, पिल्लू," विनय म्हणाला.

मित्रांनो, डोंगरातल्या दगडांवर नाही, नदीच्या गाळात नाही, इथे, फरशी घातलेल्या स्वच्छ अंगणात, माझी धाव पहिल्यांदा ओर—

—डली.

मग लाकूड. मग तुंबा. मग शांतता.

तेवढ्यात विनयची आई, मनोरमाबाई, काय चाललंय ते बघायला खाली आल्या. पुण्याहून खास उत्सवासाठी आलेल्या.

"हे काय? खंडित चाक देवाच्या रथाला लावणार?"

"काकू, ते डिझाइन आहे," सिद्धांत म्हणाला.

"डिझाइन घाल चुलीत. तडा गेलेली मूर्ती पूजेला ठेवतो का आपण? पुठ्ठ्याची लावा, पण अख्खी लावा."

"आई, हे आधी सांगायचंस ना!"

"आधी विचारलंत का मला?"

त्यांना नाही विचारले. मला नाही. अन्वीने न विचारता सांगितले, तर ऐकले नाही. देवासाठी कापले आणि कापलेले म्हणून देवाला चालले नाही! रथाला पुठ्ठ्याची चाके लागली. लोकांनी त्यांच्याजवळ उभे राहून फोटो काढले.

"पापा, जोड ना," एरवी जर्मनमध्येच उत्तर देणारी अन्वी त्या दिवशी मराठीत म्हणाली.

"गेनाऊ, जोडू की. वीकेंडला बघू," विनय म्हणाला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असे सांगून मला थांबता आले असते. पण माझी काळजी घेणारेच ग्राइंडर घेऊन आले होते. म्हणून एवढेच सांगते: कापण्याआधी विचारा. आणि कोणी नको म्हणाले, तर थांबा.

तो वीकेंड होऊन गेला. पुढचेही गेले. शाळेतून आली की अन्वी सायकल ठेवायला तळघरात येते. माझे दोन्ही तुकडे ओढून एकमेकांना भिडवते आणि दोन्ही हातांनी दाबून धरते. तिचे हात आहेत तोवर मी चाक असते.

मग वरून जेवायची हाक येते.